आईची शुगर जास्त, बाळाची मात्र कमी: असं का होतं? इंदूरहून माहेरी जाणाऱ्यांनी फाइलीत काय न्यावं

इंदूर : पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मध्य प्रदेशातल्या मराठी घरांनी अजून बऱ्यापैकी सांभाळली आहे. रामबागेतली किंवा सुदामानगरातली सून सातव्या-आठव्या महिन्यात जळगाव, धुळे, बुऱ्हाणपूर, अमरावतीकडे निघते. खानदेशात-विदर्भात दिलेली इंदूरची लेक उलट इकडे येते. बॅगेत सगळं नीट भरलेलं असतं, दुपटी, कुंच्या, डिंक, हळीवसुद्धा. राहून जाते ती इंदूरच्या डॉक्टरची फाइल. सहाव्या महिन्यात कधीतरी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं होतं, शुगर थोडी जास्त निघाली होती, 'गोड कमी खा' असं सांगितलं होतं, एवढंच घरच्यांच्या लक्षात असतं. 'आता सगळं ठीक आहे' म्हणून ते माहेरच्या दवाखान्यात कुणी बोलतही नाही.

मग बाळ जन्मतं. छान तीन-साडेतीन किलोचं, लालबुंद, सगळ्यांना आवडावं असं. त्याची साखर तपासायला हवी हे त्या प्रसूतिगृहात कुणाला सुचणार कसं? नेमकं पहिल्या एक-दोन तासांतच अशा बाळाची रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. आणि पुष्कळदा बाळ वरून काहीच दाखवत नाही.

आईला 'जास्त' आणि बाळाला 'कमी' कसं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजी विचारते, आणि तो रास्त आहे. आईला शुगर असेल तर बाळालाही शुगरच असायला हवी, असं साधं गणित वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडतं.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे सहज जाते. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. म्हणजे जास्तीची साखर बाळापर्यंत पोचते, ती आवरणारं औषध पोचत नाही. मग बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड कामाला लागतं. गर्भाचं स्वादुपिंड तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून इन्सुलिन बनवू लागलेलं असतं. रोज जास्त साखर येत राहिली की ते रोज जास्त इन्सुलिन सोडायची सवय लावून घेतं. या इन्सुलिनमुळे साखरेची चरबी होते, खांदे-पोट भरतात, बाळ मोठं होतं. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे डॉक्टर योर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात ही साखळी मांडली आणि आजही वैद्यकाची पुस्तकं तिथूनच सुरुवात करतात.

आता नाळ कापली. त्या क्षणी आईकडून येणारी साखर बंद. पण बाळाचं स्वादुपिंड सवयीनं इन्सुलिन सोडतच राहतं. दुकानाचा पुरवठा थांबला, गिऱ्हाईक तेवढंच, तसा प्रकार. साखर भराभर वापरली जाते आणि पातळी घसरते.

थोडी घसरण प्रत्येक बाळाची होते. जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत सगळ्याच बाळांची साखर खाली येते आणि मग आपली आपण सावरते. निरोगी बाळाकडे त्यासाठी दोन सोयी असतात. यकृतातला साठा मोडून साखर तयार करता येते, आणि चरबी मोडून कीटोन नावाचं दुसरं इंधन मेंदूला देता येतं. जास्त इन्सुलिन असलेल्या बाळाच्या या दोन्ही वाटा अडतात, कारण साठा मोडू न देणं हेच इन्सुलिनचं काम. म्हणून गुबगुबीत, चरबी भरपूर असलेलं बाळसुद्धा उपाशी पडू शकतं. अंगावर साठा आहे, पण कुलूप लावलेला. मेंदूला मात्र इंधन अखंड लागतं. साखर फार खाली जाऊन बराच वेळ तशीच राहिली, तर मेंदूच्या पेशींना इजा होते, विशेषतः डोक्याच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागाला.

यातली बरी गोष्ट अशी की ही अवस्था बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत ओसरते. स्वादुपिंडाला नव्या हिशोबाची सवय होते. तेवढे दिवस लक्ष ठेवलं तर बहुतेक बाळं काहीही मागे न राहता घरी जातात. याला बाळाला मधुमेह झाला असं म्हणायचं नाही.

किती म्हणजे कमी?

रक्तातली साखर १०० मिलिलिटरला ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की नवजात बाळात ती कमी समजायची, असं भारतातल्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात. काही पुस्तकं ४० चा आकडा धरतात. हा काही भिंतीवरचा कडक नियम नव्हे. बाळ किती तासांचं आहे, लक्षणं आहेत की नाहीत, यावर डॉक्टर निर्णय घेतात. पण घरच्यांनी ४५ हा आकडा ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आईला गरोदरपणात मधुमेह असेल तर बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर तासाभरात, आणि पुढे दर चार तासांनी, दूध पाजण्याच्या आधी करायची, सलग चार आकडे ठीक येईपर्यंत. टाचेला बारीक सुई टोचून थेंबभर रक्त घेतात. घरातल्या मोठ्या माणसांसाठी वापरतात तसंच ग्लुकोमीटर असतं. एक मर्यादा लक्षात घ्यायची: अगदी कमी आकड्यांना हे यंत्र थोडं फसवतं, आणि बाळाचं रक्त घट्ट असेल तर आणखी. म्हणून कमी आकडा आला की नमुना प्रयोगशाळेतही पाठवतात. मात्र रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत.

लक्षणं दिसली तर ती अशी: हातपाय थरथरणं, सुस्ती, दूध न ओढणं, बारीक किंवा चिरका रडण्याचा आवाज, अंग गार पडणं, निळसरपणा, मधेच श्वास थांबणं, झटके. थरथरणारा हात हलकेच धरल्यावर थांबला तर ती बहुधा नुसती थरथर, धरूनही चालूच राहिला तर झटका. तरी दोन्ही वेळेला साखर तपासायचीच. आणि पुन्हा सांगायला हवं, पुष्कळ बाळं यातलं एकही लक्षण दाखवत नाहीत. 'शांत बाळ आहे, छान झोपतंय' हे कौतुक अशा वेळी तपासून घ्यावं.

बाळ किरकोळ असलं म्हणजे सुटलं असं नाही

मधुमेही आईचं बाळ म्हणजे चार किलोचं, हे चित्र पाश्चात्त्य पुस्तकांतून आलं आहे. आपल्याकडे ते पुरेसं नाही, आणि हे दाखवून देणारं काम मराठी मुलखातलंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजनातला हा फरक मुख्यतः स्नायू आणि पोटातल्या अवयवांचा होता. त्वचेखालची चरबी आपल्या बाळांनी बरीचशी राखलेली होती. याज्ञिकांनी अशा बाळांना 'थिन-फॅट' म्हटलं: दिसायला बारीक, आत चरबी. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा पुण्याची बाळं लहान असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त आढळलं.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. अडीच-पावणेतीन किलोचं बाळ बघून 'हे काही शुगरवालीचं बाळ वाटत नाही' म्हणून तपासणी सोडायची नाही. उलट कमी वजनाच्या बाळाचा यकृतातला साठाच तोकडा असतो, म्हणजे त्याची साखर वेगळ्या कारणानंही घसरू शकते.

पहिला तास

उपचार म्हटला की लोकांना सलाइन आणि काचेची पेटी आठवते. पहिला उपाय त्याहून पुष्कळ साधा आहे, तो म्हणजे आईचा चीक, तोही पहिल्या तासात. चीक थोडाच येतो, चमचा-दोन चमचे, त्यामुळे घरच्यांना वाटतं की यानं काय होणार. नवजात बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. चिकानं साखर तर मिळतेच, शिवाय शरीराला दुसरं इंधन वापरायची चालना मिळते.

पण हाच तास आपल्याकडे इतर गोष्टींत जातो. बाळ पुसून, गुंडाळून आधी बाहेर नातेवाइकांना दाखवायला आणतात. फोटो होतात, इंदूरकडे व्हिडिओ कॉल होतो. कुणी मध चाटवतं, कुणी गुळाचं पाणी. काही घरांत पहिला पिवळा चीक अजूनही 'जड' म्हणून पिळून टाकतात. सिझेरियन असेल तर आई आत, बाळ आजीच्या मांडीवर, आणि दूध पाजायची वेळ येईपर्यंत तीन-चार तास उलटलेले.

मधाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण 'साखर कमी होते तर मध दिलेला बराच की' असा युक्तिवाद अगदी शिकलेल्या घरांतही ऐकू येतो. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊच नये. मधात कधी कधी असे जिवाणू असतात की तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. आणि एकदम गोड पोटात गेलं की आधीच चेकाळलेलं स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. साखर चढते आणि पुन्हा आपटते. रीत पाळायचीच असेल तर ती बारशाला पाळता येते, चाटवल्याशिवाय.

मग करायचं काय? बाळ पुसून कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, डोक्याला टोपी, दोघांवर पांघरूण. गार पडलेलं बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर जाळतं, म्हणून ऊब हाही उपचारच. पहिली आंघोळ निदान एक दिवस पुढे ढकलायची. बाळ ओढत नसेल तर हातानं चीक काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायचा. पुढे दर दोन-तीन तासांनी, झोपलं असलं तरी उठवून. मधुमेह असलेल्या आईला दूध भरून यायला कधी कधी एखादा दिवस जास्त लागतो, ते स्वाभाविक आहे. त्यासाठी 'हिला दूधच नाही' असा शिक्का मारू नये. 'आईची शुगर दुधात उतरेल' ही भीतीही निराधार आहे.

आईला चढवलेली ग्लुकोजची बाटली

ही बाब फारशी बोलली जात नाही. कळा सुरू झाल्या, बाई थकली, की 'ताकद येईल, ग्लुकोज लावा' असा आग्रह नातेवाईक धरतात. आईच्या रक्तात प्रसूतीच्या वेळी साखर चढली की ती काही मिनिटांत बाळाकडे जाते, बाळ इन्सुलिन सोडतं, आणि तासाभरात नाळ कापली जाते. नऊ महिने पथ्य सांभाळलेल्या आईच्या बाळाचीही साखर अशानं घसरू शकते. मधुमेह असलेल्या बाईला कोणतं सलाइन लावायचं आणि किती वेगानं, हे डॉक्टर तिची साखर तपासत ठरवतात. आग्रह करायचाच असेल तर आईची शुगर तासा-दोन तासांनी तपासण्याचा करावा.

नुसत्या दुधानं भागलं नाही तर

चीक पाजूनही आकडा वर आला नाही तर बाळाला १० टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून, अगदी मोजून दिलं जातं आणि हळूहळू कमी केलं जातं. त्यासाठी नवजात शिशू विभाग लागतो. जिल्हा रुग्णालयांत तो 'एसएनसीयू' या नावानं ओळखला जातो. इंदुरात एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं एमवाय रुग्णालय आणि महिलांसाठीचं एमटीएच रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणं. गालाच्या आतून लावायचं साखरेचं जेलही आता वापरात आहे. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की ४० टक्क्यांचं जेल आणि स्तनपान यांनी बऱ्याच बाळांची आईपासूनची ताटातूट टळते. आपल्याकडे ते सगळीकडे मिळत नाही.

पैशाचा प्रश्न असेल तर माहीत असावं: जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, तपासण्या, औषधं आणि आजारी नवजाताचा उपचार मोफत आहे. सरकारी दवाखान्यात येणारी प्रत्येक गरोदर बाई त्यात येते, मग सासर मध्य प्रदेशात असो की महाराष्ट्रात.

साखरेखेरीज अशा बाळांत कावीळ, कॅल्शियम कमी असणं, रक्त घट्ट असणं, श्वासाचा त्रास याही गोष्टी बघाव्या लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी घरी न्यायची घाई नको. निदान ४८ तास रुग्णालयात.

तपासणी दोनदा, डोहाळेजेवणाच्या आधी

हे सगळं पुढचं. मुळात आईला मधुमेह आहे हे कळलं पाहिजे, आणि गरोदरपणातला मधुमेह सहसा काही जाणवून देत नाही. भारत सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी दोनदा करायची: पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

यासाठी उपाशी यावं लागत नाही. ही पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी रुजवली, ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा विचार अगदी जमिनीवरचा होता: लांबून येणाऱ्या बाईला 'उद्या उपाशीपोटी ये' सांगितलं तर ती परत येतेच असं नाही. न जेवता करायच्या तपासणीपेक्षा हिच्यात काही रुग्ण निसटतात, असा आक्षेप मधुमेहतज्ज्ञ घेतात आणि त्यात तथ्य आहे. पण निसटणाऱ्या काहींपेक्षा मुळीच न तपासल्या जाणाऱ्या बायका कितीतरी जास्त, हा शेषय्यांच्या बाजूचा मुद्दाही खोडता येत नाही. त्यांच्या चमूनं तमिळनाडूत केलेल्या पाहणीत शहरी भागात १७.८ टक्के आणि ग्रामीण भागात ९.९ टक्के गरोदर बायकांना हा मधुमेह आढळला होता. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते.

दुसरी तपासणी सहाव्या-सातव्या महिन्यात येते, म्हणजे डोहाळेजेवणाच्या तोंडावर. ओटीभरणाआधीच ती करून घेतलेली बरी. आकडा जास्त आला तरी कार्यक्रम रद्द करायची गरज नाही. ताटातली जिलबी, श्रीखंड दुसऱ्यांनी खावं. दोन आठवडे आहार सांभाळून, चालून जेवणानंतरची दोन तासांची साखर १२० च्या आत आली तर तेवढ्यावर भागतं. नाही आली तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. इंदुरात सकाळच्या पोह्यांबरोबर जिलबी आणि रात्री सराफा, हे पथ्य सोपं नाही, हे कबूल करायला हवं.

पथ्य पाळलं, आकडे सुधारले, तरी 'मधुमेह होता' ही नोंद पुसायची नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ देशांतल्या सुमारे २३ हजार बायकांच्या 'हापो' अभ्यासात दिसलं, की आईची साखर जसजशी वाढते तसतसं बाळाच्या वजनाचं आणि नाळेतल्या इन्सुलिनचं प्रमाण वाढत जातं. अमुक आकड्याखाली अगदी निर्धोक, अशी रेघ सापडली नाही.

म्हणून माहेरी निघताना माता-बाल संरक्षण कार्डावर ग्लुकोज तपासणीची तारीख आणि आकडा लिहून घ्यावा. चालू औषध, इन्सुलिन असेल तर मात्रा, शेवटची सोनोग्राफी आणि इंदूरच्या डॉक्टरचा फोन नंबर सोबत असावा. फाइल राहिलीच तर प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर मागवून घ्यावा. आणि प्रसूतिगृहात भरती होताना सिस्टरला तोंडानं सांगावं, 'हिला गरोदरपणात शुगर होती, बाळाची साखर तासाभरात बघा.' कागद गर्दीत हरवतो, बोललेलं वाक्य बहुधा नोंदलं जातं.

सव्वा महिन्यानंतर

बाळंतपणानंतर आईची साखर बहुधा मूळ पदावर येते आणि तिथेच सगळे विसरतात. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सातपटींहून जास्त, असं २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशोबात दिसलं. म्हणून सहा आठवड्यांनी तिची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. सहा आठवडे म्हणजे बाळाच्या दीड महिन्याच्या लशींचाही दिवस, आणि जवळजवळ सव्वा महिना, ज्यानंतर बाळंतीण सासरी निघते. तिच्या तपासणीची तारीख अशी दोन घरांच्या आणि दोन राज्यांच्या मधे पडते. ती जळगावात करायची की इंदुरात, हे बाळाच्या लशीच्या कार्डावर आधीच लिहून ठेवलेलं बरं.